अडीच मण

हर्णैला लिलाव आटोपला, टोपल्या धुतल्या गेल्या,
की वखारीच्या ओट्यावर रोज एक लढत लागते
जी कधी झालीच नाही.

यूसुफ सारंग विरुद्ध बारक्या चोगले.
एक एकोणपन्नास सालचा, एक एकोणऐंशीचा.
मधली तीस वर्षं
हे लोक बर्फाच्या लादीसारखी फोडतात,
दुसऱ्या दिवशी लादी पुन्हा अखंड.

यूसुफ खलाशी. बोटीच्या पोटात शिकला,
हातमोजे कुठले, मुठीला ताडपत्रीची पट्टी.
डर्बनच्या धक्क्यावर एका गोऱ्या भट्टीवाल्याला
त्यानं म्हणे असा हाणला
की आधी टोपी पडली,
यूसुफ ती उचलायला वाकला,
तोवर माणूस आला खाली.
एडनहून एकदा निघाला तो पोचलाच नाही.

बारक्या, नाव तेवढं बारीक.
नेव्हीचा. दूध, अंडी, कोच, शिट्टी.
त्याचा डावा हात मी स्वतः पाहिलाय, दापोलीला, गॅसबत्तीखाली.
खंड्या पाण्यात शिरतो तसा जायचा
आणि रिकामा परत यायचा नाही.

"पंधरा फेऱ्या लावा, दहाव्यात बसतो की नाही बघा,"
शराफत मजगावकर.
"बसतो? सुवर्णदुर्गाला वळसा घालून यायचा तो,
चहा निवायच्या आत!"
"मग त्याला बोटीत उतरवा. जमीन हलती पाहिजे."
"आणि तुमच्या यूसुफला दोन वर्षं नेव्हीचं दूध पाजा, मग बोला."
असं मेलेल्याला दूध पाजतात,
जित्याला कोळशाच्या बोटीत घालतात,
आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघतात,
कारण काटा माझा.

भिंतीवर वडिलांचं अक्षर आहे, डांबरानं:
यूसुफ, अडीच मण.
खाली, तीस वर्षांनी, त्याच हाताचं, जरा थरथरलेलं:
बारक्या, एक्याण्णव किलो.
बिवलकर मास्तर रोज नव्यानं हिशेब मांडतात,
पक्का मण धरला तर यूसुफ त्र्याण्णव.
"दोन किलोंनी भारी!" शराफत मांडी थोपटतो.

मी वही चाळत राहतो.
बासष्ट साली व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून
वडिलांनी काट्याच्या पोटात शिसं बसवलं.
सुरमई असो, घोळ असो, शंभराला पाच कमी.
बारक्याही त्याच काट्यावर चढला.
एक्याण्णव नव्हता तो. शहाण्णव होता.
हे कुणाला सांगायचं?
एक तर वडील. आणि दुसरं,
मी यूसुफचा माणूस,
ज्याला मी कधी बघितलंसुद्धा नाही.

बारक्या तिथेच असतो, खांबाला टेकून,
जाळ्यात सुई ओवायची खटपट करत.
दोन वर्षं झाली, हात हलतो.
स्वतःच्या लढतीत तो कधी तोंड घालत नाही.
काल घातलं.

"यूसुफच जिंकला असता."

लाटेचा आवाज तेवढा राहिला.
"का रे?" मास्तरांनी विचारलं.
"मी शिट्टी वाजली की थांबायचो.
त्याला शिट्टी वाजवणारं कोण होतं?"

आनंद व्हायला हवा होता, पण शराफतच भडकला.
"असा आपणहून पडणारा नको आम्हाला!
उद्या नीट लढ मेल्या!"
आणि चप्पल शोधायला लागला.

मग बारक्या उठला, तोल गेला,
आधाराला पाय ठेवला तो नव्या काट्यावर,
विजेच्या. दुसराही पाय चढवला.
लाल आकडे पळायला लागले,
एकसष्ट, साठ, पुन्हा एकसष्ट,
हाताबरोबर हलत.

"किती भरला?" मास्तर ओरडले.
"शहाण्णव," मी म्हटलं.

ओटा हसला. शराफत चप्पल हातात धरून हसला.
बारक्याही हसला,
आणि आकडे आणखीच हलायला लागले.